न दिसणारा लेप



आज मी ज्या पदार्थाविषयीं आपणांशीं बोलणार आहें, तो आपणांपैकीं बहुतेकांच्या घरांत आहे. पण त्याची ओळख मात्र थोड्यांनाच असेल. केसांना चकाकी आणणाऱ्या सीरममध्यें तो असतो, मोटारीचा आंतला भाग चकचकीत करणाऱ्या पॉलिशमध्यें असतो, स्नानगृहांतील फटी बुजविण्याच्या नळींतल्या लेपांत असतो, आणि पोटांतील वायूवर मिळणाऱ्या कित्येक औषधांतहि त्याचाच अंश असतो. या पदार्थाचें नांव सिलिकोन. औषध म्हणून पोटांत घेतां येण्याइतका तो निरुपद्रवी आहे; आणि तरीहि जगांतील कित्येक कारखान्यांच्या दारावर त्यास मज्जाव केलेला असतो. मोटारींना रंग देण्याचें खातें, विमानांचे भाग चिकटवून जोडण्याची कर्मशाळा, आणि धुळीचा कणहि शिरूं नये म्हणून जपलेल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांतील स्वच्छ खोल्या, या तीन ठिकाणीं हातमोज्यांपासून वंगणापर्यंत प्रत्येक वस्तु विकत घेतांनाच ती 'सिलिकोनमुक्त' असावी अशी अट घालण्यांत येते. पोटांत चालणारा पदार्थ पत्र्याजवळ कां चालूं नये, या कोड्याचा उलगडा करावा असा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. सिलिकॉन आणि सिलिकोन हे दोन निरनिराळे शब्द आहेत. सिलिकॉन हें मूलद्रव्य. संगणकांतील चकत्या त्याच्याच बनवितात. त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन झालेली सिलिका हें वाळूंतील आणि कांचेंतील मुख्य द्रव्य होय. सिलिकोन हा मात्र मनुष्यानें घडविलेला पदार्थ. त्याच्या रेणूचा कणा सिलिकॉन व प्राणवायु यांच्या आळीपाळीनें गुंफलेल्या साखळीचा असतो, आणि त्या साखळीच्या अंगावर कार्बन व हायड्रोजन यांचे लहान लहान गट लटकलेले असतात. कणा वाळूचा आणि पांघरूण तेलाचें, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. कणा वाळूचा म्हणून तें उष्णतेस सहसा दाद देत नाहीं; पांघरूण तेलाचें म्हणून पाण्याला जवळ येऊं देत नाहीं; आणि साखळी विलक्षण लवचिक म्हणून कोणत्याहि पृष्ठावर तें सहज अंग पसरतें.

या पदार्थाचा इतिहास फार जुना नाहीं. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें प्राध्यापक असलेले फ्रेडरिक किपिंग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं या रसायनांचा अभ्यास हातीं घेतला, व 'सिलिकोन' हें नांवहि त्यांनींच रूढ केलें. पण इतक्या वर्षांच्या परिश्रमानंतर १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्यांनीं या शाखेच्या भवितव्याविषयीं निराशाच प्रकट केली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, १९४० सालीं, अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत यूजीन रोचो यांना सिलिकोनचा कच्चा माल तांब्याच्या साहाय्यानें थेट बनविण्याची युक्ति सांपडली. १९४३ सालीं डाउ कॉर्निंग ही कंपनी मुद्दाम याच धंद्यासाठीं निघाली. आणि तिचा पहिला माल होता, लढाऊ विमानांच्या इंजिनांतील ठिणगीच्या यंत्रणेंत ओल शिरूं नये म्हणून लावावयाचें एक वंगण. १९६९ सालीं चंद्रावर उमटलेलें मनुष्याचें पहिलें पाऊल सिलिकोन रबराचा तळवा असलेल्या बुटाचें होतें. अशा गुणी पदार्थाला नांवें ठेवावयाचीं नाहींत. त्याचे गुण तेच कांहीं जागीं दोष कसे ठरतात, एवढेंच दाखवावयाचें आहे.

हें समजण्यासाठीं घरच्या घरीं होण्याजोगा एक प्रयोग सांगतों. एका ताटांत पाणी घ्यावें, त्यावर चिमूटभर मिरपूड भुरभुरावी, आणि साबण लागलेलें बोटाचें टोंक मध्यभागीं पाण्याला अलगद टेंकवावें. तत्क्षणीं मिरपूड चहूंकडे कडेला पळते आणि मध्यें स्वच्छ वर्तुळ मोकळें होतें. यांत जादू नाहीं. प्रत्येक द्रवाच्या पृष्ठभागावर ताणलेल्या पडद्यासारखा एक ताण असतो. त्यास पृष्ठताण म्हणतात. साबणानें तो मध्यभागीं कमी झाला आणि कडेला होता तसाच राहिला. रस्सीखेचींत एका बाजूच्या गड्यांनीं हात ढिले सोडले म्हणजे दोर दुसरीकडे जावयाचाच, तसेंच हें. इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांनीं एकोणिसाव्या शतकांत या ओढाताणीचा अभ्यास केला, म्हणून शास्त्रांत ती त्यांच्या नांवानें ओळखली जाते.

हा ताण डाइन या मापानें मोजतात. दर सेंटिमीटरला पाण्याचा ताण सुमारें ७२ डाइन, नेहमींच्या रंगांचा साधारणपणें २५ ते ३५ डाइन, आणि सिलिकोन तेलाचा अवघा २१ डाइनच्या आसपास. या तीन आंकड्यांत आजच्या विषयाचें सारें मर्म सांठविलेलें आहे. कमी ताणाचा द्रव अधिक ताणाच्या पृष्ठावर पसरत जातो; उलट मात्र घडत नाहीं. म्हणून सिलिकोन पत्र्यावर, कांचेवर, ओल्या रंगावर, जेथें पडेल तेथें पसरतें; आणि एकदां तें पसरलें कीं त्याच्यावर दुसरें कांहीं पसरूं शकत नाहीं.

बरें, यासाठीं तें किती असावें लागतें? १७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत बेंजामिन फ्रँकलिन यांनीं लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतल्याची हकीकत लिहिली आहे. तेवढ्यानें अर्धा एकर पाणी आरशासारखें शांत झालें, असें ते सांगतात. सिलिकोनचा पातळ थर एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा जाडीचा धरला, तर हिशेबानें एक ग्रॅम तेल पाव एकर जागा झांकूं शकतें. इतका पातळ थर डोळ्यांना दिसत नाहीं, बोटांना लागत नाहीं, आणि त्याला वासहि नसतो. जें दिसत नाहीं तें नाहींच, असें मानण्याची आपणां सर्वांस संवय आहे. सिलिकोनचा सगळा उपद्रव या संवयीच्या आश्रयानें चालतो.

आतां रंगखात्यांत चलूं. पत्रा धुवून, घांसून, अस्तर देऊन तयार आहे. रंगारी फवाऱ्यानें रंगाचा हात देतो. क्षणभर सर्व ठीक दिसतें. मग ओल्या रंगांत ठिकठिकाणीं वाटोळे खळगे पडूं लागतात. मध्यें अस्तर उघडें पडलेलें, भोंवतीं रंगाची उंचावलेली कड, असा तो आकार माशाच्या डोळ्यासारखा दिसतो; म्हणून रंगाऱ्यांच्या भाषेंत त्यास 'फिश-आय' असेंच म्हणतात. टांकानें लिहितांना कागदाला तेलाचा हात लागलेला असला म्हणजे त्या जागीं शाई धरत नाहीं, हें आपण पाहिलेलें आहे. येथेंहि तोच प्रकार. प्रत्येक खळग्याच्या तळाशीं सिलिकोनचा, क्वचित् दुसऱ्या एखाद्या स्निग्ध द्रव्याचा, सूक्ष्म ठिपका असतो. त्याचा ताण कमी, भोंवतालच्या रंगाचा अधिक. आणि ताटांतली मिरपूड पळाली तसा रंग तेथून पळतो.

यावर झटपट उपाय नाहीं. रंग पूर्ण वाळूं द्यावा, तो सगळा घांसून काढावा आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा, हाच खरा मार्ग. रंगाचा, वेळेचा आणि मजुरीचा दुप्पट खर्च होतो. आणि दोष मात्र रंगाऱ्याच्या माथीं येतो, कारण खळगा त्याच्या हाताखालीं उमटलेला सर्वांना दिसतो. त्याचें मूळ कोठें आहे हें कोणासहि दिसत नाहीं. मोटारीच्या मालकानें मागील महिन्यांत हौसेनें लावलेलें पॉलिश, शेजारच्या छपराखालीं कोणीं फवारलेला चकाकीचा स्प्रे, हवा दाबणाऱ्या यंत्राच्या नळींतील वंगण, दाराच्या रबरी पट्टीवरचा लेप, प्लॅस्टिकचा भाग सांचांतून सुटावा म्हणून सांच्याला लावलेलें द्रव्य, मदतनिसाच्या केसांवरचें सीरम किंवा हातावरचें क्रीम, यांपैकीं कोणतेंहि कारण पुरे होतें. निष्णात कारागिराची अब्रू अशी दुसऱ्याच्या चकाकीपायीं जाते. माझ्या मतें या विषयाची ही बाजू रसायनशास्त्राहून कमी महत्त्वाची नाहीं.

येथें एक मोठी गंमतीची गोष्ट आहे. कांहीं रंगारी खळगे टाळण्यासाठीं रंगांतच एका औषधाचे थेंब घालतात. हें औषध पुष्कळदां सिलिकोनच असतें! सगळ्या रंगाचाच ताण उतरविला म्हणजे ठिपक्यांत आणि भोंवतालच्या रंगांत भेद राहात नाहीं, आणि खळगा पडत नाहीं. रंग तयार करणारे रसायनज्ञहि रंग सारखा पसरावा म्हणून विशिष्ट जातीचीं सिलिकोनें अत्यंत मोजक्या प्रमाणांत वापरतात. ज्ञात्याच्या हातीं, मापानें, रंगांत मिसळून जाणारें सिलिकोन उपयोगी पडतें. हवेंतून न बोलावतां आलेलें घात करतें. पण दुकानांत बसून घातलेले ते थेंब फवाऱ्याबरोबर हवेंत उडतात, भिंतीवर बसतात, आणि पुढच्या मोटारीला, जिच्या रंगांत ते थेंब नाहींत तिला, तोच रोग जडवितात. रोग पसरविणारें औषध तें हें.

मोठ्या कारखान्यांनीं म्हणून दुसरी वाट धरली. निस्तरण्यापेक्षां न येऊं देणें बरें, हें त्यांनीं ओळखलें. जर्मन मोटार-उद्योगानें या बाबतींत फार काटेकोरपणा दाखविला. रंगास पसरूं न देणाऱ्या सर्वच द्रव्यांना तेथें एक सामुदायिक नांव आहे, आणि व्ही. डी. एम. ए. या तेथील यंत्रोत्पादकांच्या संघानें त्यांच्या परीक्षेची रीत २४३६४ या क्रमांकाखालीं नमूद केली आहे. तिचें तत्त्व अगदीं साधें आहे. ज्या वस्तूची परीक्षा करावयाची ती एका शुद्ध द्रावणानें धुवावयाची. तें धुवण एका स्वच्छ पट्टीवर घालून वाळूं द्यावयाचें. आणि पट्टीवर रंग फवारावयाचा. खळगे पडले तर वस्तु नापास. म्हणजे ज्या रंगाला जपावयाचें, त्यालाच साक्षीदार करावयाचें. पुण्याजवळच्या चाकणच्या परिसरांत मोटारींचे मोठे कारखाने आहेत, आणि या धंद्यांत गेलेले तरुण आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असतील. रंगखात्यांत जातांना केसांना सीरम लावूं नका, अंगावर सुगंधी स्प्रे मारूं नका, असा नियम अशा खात्यांत असतो, तो छळ म्हणून नव्हे. त्यामागें हें एवढें शास्त्र आहे.

रंगानंतर चिकटविण्याच्या कामाकडे वळूं. भांड्यांना कल्हई करणारा कारागीर आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांनीं पाहिलेला असेल. कथील लावण्यापूर्वीं तो भांडें घांसतो, तापवितो, आणि नवसागराची भुकटी टाकून मगच कथील फिरवितो. त्याला ठाऊक असतें कीं, मळलेल्या धातूवर कथील धरत नाहीं. चिकटविण्याच्या सर्व कलेचें सार यांत आलें. चिकटद्रव्य पृष्ठाला अगदीं भिडलें पाहिजे, रेणू रेणूला लागला पाहिजे. मध्यें परका पडदा आला कीं जोड त्या पडद्याशीं होतो, वस्तूशीं होत नाहीं.

या पडद्याचें रोजच्या व्यवहारांतील उत्तम उदाहरण म्हणजे टिकलीचें पाकीट. टिकली कपाळाला दिवसभर घट्ट बसते, पण पाकिटांतल्या गुळगुळीत पानावरून नखानें सहज सुटते. डिंक तोच, मग भेद कशाचा? त्या पानाच्या अंगावर असलेल्या लेपाचा. चिकटपट्ट्या, चिठ्ठ्या, टिकल्या अशा वस्तूंच्या मागच्या कागदाला बहुधा सिलिकोनचाच पातळ लेप दिलेला असतो. डिंकाला पकड मिळूं न देणें हेंच त्याचें काम, आणि तें तो चोख करतो. हाच लेप विमानाच्या पंखाच्या दोन पत्र्यांमध्यें अजाणतां आला तर काय होईल, याची कल्पना करावी.

आजच्या विमानांत, रेल्वेच्या डब्यांत, पवनचक्क्यांच्या पात्यांत आणि मोटारींतहि पुष्कळसे भाग खिळ्यांऐवजीं चिकटद्रव्यांनीं जोडलेले असतात. हे जोड नीट केले तर मजबूत असतात, वजनाला हलके असतात, आणि ताण एका बिंदूवर न येऊं देतां सर्वत्र वांटून घेतात. पण त्यांच्यांत एक मोठी उणीव आहे. जोडांत पोकळी राहिली तर ती ध्वनिलहरींच्या साहाय्यानें शोधून काढतां येते; मात्र दोन पृष्ठें एकमेकांस टेंकलेलीं आहेत पण धरलेलीं नाहींत, अशी स्थिति असेल तर ती बाहेरून ओळखणें अतिशय कठीण. जोड किती घट्ट आहे हें तो न तोडतां खात्रीनें सांगणारी सर्वमान्य परीक्षा अद्याप हातीं आलेली नाहीं. वरून निर्दोष दिसणारा, मोजमापांतहि बरोबर उतरणारा जोड ऐन भाराच्या वेळीं सुटावा, याहून भयंकर काय असूं शकेल? शेवटीं तपासून खात्री करतां येत नाहीं, म्हणून आरंभीं सिलिकोन दूर ठेवणें हाच खात्रीचा उपाय उरतो. रंगाच्या बाबतींत चुकीचें मोल पैशांनीं भरून निघतें. येथें तें माणसांच्या जिवांनीं भरावें लागण्याचा संभव असतो.

धातूचा पत्रा चिकटविण्यास योग्य झाला कीं नाहीं हें पाहण्याची एक जुनी परीक्षा कारखान्यांत आजहि चालते. पत्र्यावर शुद्ध पाणी सोडावयाचें. सगळीकडे पाण्याचा सलग पडदा राहिला तर पत्रा स्वच्छ. पडदा फाटून थेंब वळले तर मलिन. तुपाचा ओशटपणा राहिलेल्या ताटावर पाणी मोत्यांसारखें वळतें आणि राखेनें लख्ख घांसलेल्या ताटावर सपाट पसरतें, हें ज्या गृहिणीनें पाहिलें आहे तिला या परीक्षेचें मर्म निराळें सांगावयास नको.

'मग साबणानें धुवून टाकलें तर?' असा प्रश्न येथें सहज मनांत येईल. दुर्दैव असें कीं, सिलिकोन पाण्यांत विरघळत नाहीं आणि साबणाला सहजीं वश होत नाहीं. फडक्यानें पुसावें तर पुष्कळदां तें निघण्याऐवजीं पसरतें. एका कोपऱ्यांतला ठिपका फडक्याबरोबर सगळ्या पत्र्यावर जातो, आणि तेंच फडकें दुसऱ्या पत्र्याला लागलें कीं तेथेंहि आपली खूण ठेवतें. योग्य द्रावणानें, दर वेळीं नवें फडकें घेऊन, एकाच दिशेनें पुसावें लागतें. आणि पुष्कळदां वरचा थर घांसून काढण्यावांचून गत्यंतर नसतें.

आतां तिसरें ठिकाण, म्हणजे स्वच्छ खोली. १९६० च्या सुमारास अमेरिकेंतील सँडिया प्रयोगशाळेंत विलिस व्हिटफील्ड यांनीं अशी खोली योजिली कीं, जींत गाळलेली हवा एकाच दिशेनें सारखी वाहत राहून धूळ बाहेर नेते. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांतील पांचव्या वर्गाच्या खोलींत एक घनमीटर हवेंत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण ३,५२० हून अधिक असतां कामा नयेत. साध्या खोलीच्या हवेंत हीच संख्या कोटींच्या घरांत जाऊं शकते. संगणकाच्या चकत्या, औषधें, अंतराळयानांतील दुर्बिणी हीं सर्व अशा खोल्यांत तयार होतात.

पण हवेच्या गाळण्या कण अडवितात. वाफ त्यांतून निघून जाते. सिलिकोनच्या लांब साखळ्या जड असल्या, तरी त्यांच्या सोबतीनें कांहीं लहान कड्या नेहमीं असतात, आणि त्या साध्या उष्णतेंतहि हवेंत उडतात. फटी बुजविण्याचा लेप, रबरी पट्ट्या, हातमोजे, कामगाराच्या केसांवरचें सीरम, हीं सर्व त्यांचीं उगमस्थानें होऊं शकतात. गाळणी बसवितांना तिच्या कडेला लावलेला लेपच सिलिकोनचा असला, तर राखणदारच चोर ठरावयाचा. चकत्यांवर सूक्ष्म रेषा छापण्यासाठीं प्रखर अतिनील प्रकाश वापरतात. त्या प्रकाशांत सिलिकोनची वाफ भिंगावर विघटन पावते, तेल जळून जातें, आणि मागें उरते ती सिलिका, म्हणजे एक प्रकारची कांच. भिंगावर बसलेला हा कांचेचा थर पुसून निघत नाहीं. कणा वाळूचा, असें मीं आरंभीं म्हटलें. तो येथें असा उघडा पडतो.

विजेच्या बटणांच्या बाबतींतहि हेंच घडतें. रिले नांवाच्या यंत्रांत धातूचीं दोन टोंकें क्षणोक्षणीं जुळतात आणि सुटतात, व सुटतांना त्यांच्यांत बारीक ठिणगी पडते. भोंवतालच्या हवेंत सिलिकोनची वाफ असली तर ती ठिणगींत जळून टोंकांवर सिलिका बसते. सिलिका विजेला वाट देत नाहीं. बटण दाबलेलें, टोंकें टेंकलेलीं, पण दिवा लागत नाहीं, अशी स्थिति होते. म्हणून रिले बनविणारे कारखानदार आपल्या सूचीपत्रांतच सिलिकोनची वाफ टाळण्याची ताकीद देतात.

अंतराळांत तर हें प्रकरण अधिकच नाजूक. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेंत विकसित झालेली 'सूट' ही दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजीं 'आदित्य-एल१' या यानाबरोबर सूर्याच्या अभ्यासासाठीं निघाली. २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशांत ती सूर्याचीं चित्रें घेते. असल्या दुर्बिणीच्या आरशावर तेलकट वाफेचा थर बसून उन्हानें काळवंडला, तर तो पुसावयास तेथें कोण जाणार? यासाठीं यानांत वापरावयाच्या पदार्थांची आगाऊ परीक्षा घेण्याची रीत आहे. पदार्थ निर्वात जागेंत १२५ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत २४ तास ठेवतात. त्याचें वजन शेंकडा १ हून अधिक घटतां कामा नये, आणि उडालेल्या वाफेपैकीं थंड पट्टीवर जमणारा भाग मूळ वजनाच्या शेंकडा ०.१ हून अधिक असतां कामा नये, असा सामान्य दंडक आहे. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, या परीक्षेंत उतरणारीं विशेष शुद्ध केलेलीं सिलिकोनें आहेत व तीं यानांत वापरतातहि. नांवावरून कोणास बाद करावयाचें नसतें. आचरणावरून करावयाचें असतें.

थोडीशी वस्तु किती लांबवर जाते याचीं दोन उदाहरणें सांगतों. २००७ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीस इंग्लंडच्या आग्नेय भागांत हजारों मोटारी धक्के देऊं लागल्या, कित्येक जागच्या जागीं थांबल्या. तपासाअंतीं पेट्रोलमध्यें सिलिकॉनयुक्त द्रव्याचा अत्यल्प अंश सांपडला. तो इंजिनांत जळून, धुरांतील प्राणवायु मोजणाऱ्या संवेदकावर सिलिकेचा थर बसला होता. आंधळ्या झालेल्या संवेदकाच्या सांगण्यावरून इंजिन चालत होतें. दुसरें उदाहरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचें. तेथें हवेंतील ओल आणि मूत्र शुद्ध करून पिण्याचें पाणी बनवितात. २०१० सालीं त्या पाण्यांत कार्बनी द्रव्यांचें प्रमाण वाढूं लागलें. नमुने पृथ्वीवर आणून तपासले तेव्हां आढळून आलें कीं, तें द्रव्य सिलिकोनच्या वाफेपासून झालेलें आहे. आणि ती वाफ अंतराळवीरांच्या नित्य वापरांतील प्रसाधनें वगैरे वस्तूंतून येत होती. प्रमाण आरोग्यास घातक नव्हतें. पण पाणी शुद्ध करणारीं पात्रें मुदतीपूर्वीं बदलावीं लागलीं, व पुढें हवेंतून ती वाफ शोषून घेण्यासाठीं कोळशाच्या गाळण्या योजाव्या लागल्या. चार भिंतींच्या आंत जें उडतें तें आंतच राहतें, हा धडा त्या बंदिस्त घरानें शिकविला.

मग सिलिकोनच्या जागीं वापरावें तरी काय? सर्वत्र चालेल असा एक पर्याय नाहीं. कामाप्रमाणें निवड करावी लागते. फटी बुजविण्यास ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे लेप आहेत, वंगणास खनिज तेलाचे प्रकार आहेत, सांच्यांसाठीं मेणाचे लेप आहेत, हातमोजे नायट्राइल रबराचे मिळतात. पण 'सिलिकोनमुक्त' एवढा शब्द पुडक्यावर छापल्यानें काम भागत नाहीं. साधीं तेलें, मेणें आणि फ्लोरिनयुक्त वंगणें यांनींहि खळगे पडतात. म्हणून ज्या कामासाठीं वस्तु घ्यावयाची त्या कामांतच तिची परीक्षा झाली पाहिजे. उलटपक्षीं, जेथें रंग द्यावयाचा नाहीं, चिकटवावयाचें नाहीं, भिंग जपावयाचें नाहीं, तेथें सिलिकोन खुशाल वापरावें. स्वयंपाकघरांत, रुग्णालयांत, विजेच्या खांबांवरील रोधकांत तें उत्तम सेवा करीत आहे.

श्रोत्यांपैकीं बहुतेकांचा कारखान्यांशीं प्रत्यक्ष संबंध नसेल. पण घरांत पाळण्याजोग्या तीन गोष्टी सांगून ठेवतों. मोटार अथवा स्कूटर रंगाला देतांना तिच्यावर आजवर कोणतीं पॉलिशें लावलीं तें रंगाऱ्यास आपण होऊन सांगावें. तो घांसण्याची व धुण्याची तयारी तशी करील, आणि विनाकारण बोल त्याला लागणार नाहीं. भिंती किंवा दारें रंगवावयाचीं असतील तर आधीं रंग द्यावा आणि सिलिकोनचा लेप नंतर भरावा. आधीं भरला तर त्याच्यावर रंग धरत नाहीं. आणि कांहीं चिकटवावयाचें किंवा रंगवावयाचें असेल त्या खोलींत चकाकी आणणारे फवारे मारूं नयेत. चुकून मारला गेला असेल तर कांचकागदानें घांसल्यावांचून पुढें जाऊं नये.

स्वच्छता म्हणजे चकाकी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. सिलिकोनचा लेप दिलेलें पृष्ठ फार चकाकतें, आणि कारागिराच्या दृष्टीनें तेंच सर्वांत मलिन असतें. एखादी वस्तु स्वच्छ आहे कीं नाहीं हें डोळे ठरवूं शकत नाहींत. तिच्याकडून पुढें जें काम घ्यावयाचें आहे तें काम ठरवितें. ज्या रंगाऱ्याच्या, ज्या जोडाऱ्याच्या, ज्या शास्त्रज्ञाच्या हातीं ती वस्तु उद्यां जावयाची, त्याचा विचार आज आपण करणें, एवढाच 'सिलिकोनमुक्त' या शब्दाचा सरळ अर्थ आहे. तो आपल्या ध्यानांत राहील अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतों.